दुधाळलेले डोळे

‘मग मी एक युक्ती केली,’ सुमंत म्हणाला, आणि दमयंतीला वाटलं, आपल्या ऐकण्यात काहीतरी चूक झाली. शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या मांडवात ती बायकांच्या बाजूला, कनातीला टेकून बसली होती. वर स्टेजवर सुमंत उभा होता. बुशशर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, गळ्यात धामण, आणि धामणीचं शेपूट त्याच्या मनगटाला वेढा घालून बसलेलं. पोरं माना उंचावून बघत होती. तो सांगत होता की दिवड हा पाण्यातला साप, बेडूक आणि मासे सोडून तो कशाला तोंड लावत नाही. यंदा पाऊस नाही, तळी आटली, बेडूक आणायचा कुठून? साप डोळ्यांदेखत वाळत चालला. ‘मग मी एक युक्ती केली. कसाबसा एक बेडूक मिळवला. पण तो दिवडाला दिला नाही. तो एका पांढऱ्या उंदराच्या अंगावर चोळला. दिवडानं वास घेतला आणि बेडूक समजून उंदीर गिळला.’ मांडवभर हशा पिकला, मग टाळ्या पडल्या. दमयंतीच्या शेजारची बाई टाळ्या वाजवता वाजवता तिच्याकडे वळून हसली, तेव्हा दमयंतीला दिसलं की आपणही टाळ्या वाजवतो आहोत.

तिनं नवऱ्याच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं. खोटं बोलताना सुमंत कानाची पाळी ओढायचा. उशीर झाल्यावर, विसरल्यावर, तिच्या बापाला पत्र टाकलं म्हणून सांगताना. आता त्याचे दोन्ही हात धामणीवर निवांत होते. तो खोटं बोलत नव्हता. त्याला खरोखरच तसं आठवत होतं, की आपणच बेडूक मिळवला आणि आपणच चोळला. खोटं बोलला असता तर बरं झालं असतं. मग ते तिचं त्याच्यापाशी राहिलं असतं, लपवलेलं का होईना. पण हे तर कुणाचंच नव्हतं. रस्त्यात पडलेलं काहीतरी सहज उचलून खिशात टाकावं आणि घरी येईपर्यंत ते आपलंच आहे असं वाटू लागावं, तसं झालं होतं.

तो श्रावण तिला आठवला. कोरडा ठणठणीत श्रावण. नगरात नळाला पाणी यायचं ते करंगळीएवढं, तेही धड नाही. दिवड महिनाभर उपाशी होता. त्याच्या अंगाची कातडी सैल पडली होती, म्हाताऱ्या माणसाच्या दंडासारखी. सुमंतनं त्याच्यापुढे उंदराची पिल्लं ठेवून पाहिली, पाली ठेवून पाहिल्या, चिमणीचं घरट्यातून पडलेलं पिल्लूही ठेवून पाहिलं. तो नुसता तोंड फिरवायचा. मग सुमंतनं नाद सोडला होता. ‘जाईल हा,’ तो जेवताना म्हणाला होता आणि भात कालवला होता. बेडूक दमयंतीला सापडला तो न्हाणीघराच्या मोरीत, जिथं सांडपाण्यानं फरशीखाली जरा ओल धरली होती. एवढासा, मातकट, पोट लपलप करणारा. तिनं त्याला ओल्या फडक्यात गुंडाळून मडक्यात ठेवला आणि त्याच हातानं दिवडाच्या पेटीतली पाण्याची वाटी बदलायला गेली. दिवड विजेसारखा आला आणि तिच्या तर्जनीला डसला. विष नव्हतंच, रक्ताचे चार ठिपके आले. पण ती बोट चोळत तिथंच बसून राहिली, कारण त्या सापानं बोट नुसतं चावून सोडलं नव्हतं, गिळायचा प्रयत्न केला होता. बोटाला त्यानं बेडूक मानलं होतं. बेडूक एकच होता. दिवडाला देऊन टाकला असता तर दोन दिवसांत पुन्हा तेच. तिनं मडक्यातला बेडूक काढला, पांढऱ्या उंदराच्या पाठीवर, पोटावर, तोंडावर फिरवला आणि उंदीर आत सोडला. मग आठवडे न् आठवडे तो एक बेडूक तिनं जगवला. भांडी विसळायच्या पाण्यातलं थोडं त्याच्यासाठी बाजूला काढलं, माश्या मारून घातल्या. संध्याकाळी सुमंत आला तेव्हा तिनं त्याला सगळं सांगितलं होतं, बोट दाखवून सांगितलं होतं. तो वर्तमानपत्र वाचत होता. म्हणाला, ‘हं. असेल. वासावरच चालतं त्यांचं सगळं.’

घरी परतताना सुमंत खुशीत होता. दिल्ली दरवाजापाशी त्याला दोघातिघांनी थांबवून नमस्कार केला; धामणीची पिशवी दमयंतीच्या खांद्याला होती. ‘कसं झालं?’ त्यानं विचारलं. ‘चांगलं झालं,’ ती म्हणाली. ‘दिवडाचं आवडलं लोकांना.’ ‘हो. ते आवडलं.’ तिनं वाट पाहिली. एवढ्यात त्याला आठवेल, जीभ चावेल, म्हणेल, अरे, ते तर तुझं. पण त्यानं पुढच्या आठवड्यातल्या पुण्याच्या परिषदेचं काढलं, आणि घर येईपर्यंत तेच बोलत राहिला.

बेलापूरच्या शाळामास्तरांची ही मुलगी लग्न होऊन आली तेव्हा घरात साप आहेत हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. प्राध्यापक आहे, प्राणिशास्त्र शिकवतो, एवढंच ठाऊक होतं. लग्नानंतरच्या पहिल्या सकाळी मागची खोली उघडली तर लाकडी पेट्या, वर जाळी, समोर काच. ती घाबरली नाही. तिला घाण वाटली, आणि तीही सापांची नव्हे, तर त्यांना जे द्यावं लागे त्याची. माहेरी अंडंही कधी घरात आलं नव्हतं, आणि इथं तुळशीमागच्या रॉकेलच्या डब्यांत पांढरे उंदीर गवतात पिल्लं घालत होते, कशासाठी ते त्यांना माहीत नव्हतं. सासूबाई होत्या तोवर त्या या खोलीवरून डोळ्यांवर पदर घेऊन जात. त्या गेल्या, सुमंतच्या कॉलेजातल्या जबाबदाऱ्या वाढल्या, आणि पेट्यांचं काम आपोआप दमयंतीकडे आलं. कुणी दिलं नाही, तिनं मागितलं नाही. मूल नव्हतं. त्याबद्दल दोघं बोलत नसत; सापांबद्दल बोलत. सुमंतनं तिला सुरुवातीला शिकवलं ते एवढंच, की एकच एक खाद्य सापाला देऊ नये, पालट हवा, नाहीतर अंग धरत नाही. बाकीचं तिचं ती शिकली. कवड्या सापाला पाल हवी, तीही भिंतीवरची बारकी. मांडुळाला डोळे न उघडलेली उंदराची पिल्लं. धामणीला उंदीर चालतो, पण तिसऱ्या-चौथ्या खेपेला ती त्याला हुंगून सोडते आणि मग कोंबडीचं पिल्लू दिलं की अशी झडप घालते की जणू वर्षाची उपाशी. भक्ष्य सापाच्या अंगापेक्षा जाड नको. फार चपळ नको, फार मरगळलेलंही नको. रोज सकाळी चहा झाला की ती डब्यांपाशी बसायची आणि ठरवायची, आज कोण. पहिल्यांदा ती तोंड फिरवून उचलायची. मग तोंड फिरवायची थांबली. मग एक दिवस तिच्या लक्षात आलं की आपण जो उंदीर तळहातावर आपणहून चढतो, त्यालाच उचलतो. भित्रे कोपऱ्यात दडतात, ते वाचतात. ज्याचा आपल्यावर विश्वास, तो जातो. यात तिला काही वाटायला हवं होतं. तिनं वाट पाहिली, पण काही वाटलं नाही, आणि मग न वाटण्याचंच वाईट वाटलं.

कोंबडीची पिल्लं केडगावची रतनबाई आणून द्यायची. काळीसावळी, हाडकुळी, कपाळावर गोंदण. दुष्काळात माणसांनाच धान्य नाही तर कोंबड्यांना कुठून, म्हणून तिनं कोंबड्या एकेक करून विकायला काढल्या होत्या, आणि स्वतः खडी फोडायच्या कामावर जात होती. पिल्लं कशाला लागतात हे तिला माहीत होतं. पहिल्या दिवशी तिनं विचारलं होतं आणि दमयंतीनं सरळ सांगितलं होतं. रतनबाईनं जरा वेळ विचार करून मान हलवली होती. ‘त्येलाबी पोट हाय,’ ती म्हणाली होती. ती कधी मागच्या खोलीत आली की इतर पेट्यांकडे बघायची नाही, अजगराच्या पेटीपुढे मात्र उकिडवी बसायची. ‘लई गरीब जनावर हाय,’ म्हणायची.

अजगर खरोखरच गरीब होता. राजूरकडच्या डोंगरात लाकूडतोड्यांना सापडला, सुमंतच्या एका विद्यार्थ्यानं गोणपाटात घालून एस.टी.तून आणला. आला तेव्हा हातभर होता. आता पेटीत वळून बसला तरी जागा पुरत नव्हती. सुमंतला त्याचा अभिमान होता. पाहुणे आले की तो बाहेर काढायचा, लांबी सांगायचा, फोटो काढून घ्यायचा. दमयंतीचं आणि त्याचं निराळंच होतं. उन्हाळ्याच्या दुपारी, अंगाची लाही होत असताना, ती जाळी सरकवून आत हात घालायची आणि त्याच्या पाठीवर ठेवायची. गार, जड, आणि आत कुठंतरी सावकाश हलणारं. तो हलायचा नाही, नुसती जीभ बाहेर काढून तिचं मनगट तपासायचा आणि पुन्हा तोंड वेटोळ्यात घालायचा. या घरात ती कुणाला अशी तासभर शिवून बसू शकत होती तर त्यालाच. हे ती कुणाला सांगणार नव्हती, आणि कुणी विचारणारही नव्हतं.

त्या भाषणानंतरचे दिवस तसे नेहमीसारखेच गेले, पण दमयंतीच्या डोक्यात एक शब्द अडकून बसला होता, दातात सुपारीचं खांड अडकावं तसा. मी. ती मिलो निवडायला बसायची, रेशनची ती तांबडी, कडवट ज्वारी, आणि तिला ऐकू यायचं, मी एक युक्ती केली. तिला आठवायचं ते सगळं तिच्या मनात आता त्याच्या आवाजात यायचं. बाजारातून येताना ठेच लागली तेव्हा क्षणभर वाटलं, ही ठेचही उद्या तो आपलीच म्हणून सांगेल. मग तिनं मागं जाऊन शोधायला सुरुवात केली. धामण कात टाकताना अडकली तेव्हा कोमट पाण्यात ठेवायचं कुणी सुचवलं? मांडुळाच्या शेपटाला उंदरानं कुरतडलं तेव्हा, भक्ष्य आत ठेवायचंच असेल तर त्याच्यापुढे चार दाणे टाकावेत, भुकेला उंदीर सापालाच खातो, हे कुणी ध्यानात घेतलं? ती एकेक काढत गेली आणि एकेक त्याच्या खिशातून निघत गेलं. हळूहळू तिला शंका येऊ लागली की कदाचित ते खरंच त्याचं असेल, आपल्यालाच भ्रम झाला असेल. ही शंका सगळ्यात वाईट होती. बोटावरचे चार ठिपके तर केव्हाच बुजले होते.

पुण्याला निघायच्या सकाळी सुमंत बॅग भरत होता. मागच्या खोलीत येऊन त्यानं पेट्यांवरून नजर फिरवली, जशी परीक्षेच्या वर्गातून फिरवतात. अजगरानं महिन्याभरात काही घेतलं नव्हतं. थंडीत तो तसा कमीच खायचा. ‘अशानं हा खंगेल,’ सुमंत म्हणाला. ‘तो सापळ्यातला मोठा उंदीर आहे ना, तोच टाक ह्याला. त्या पिल्लाबिल्लांनी काय होतंय.’ सापळ्यातला उंदीर कोठारातला होता, शेजारच्या धान्याच्या दुकानात धरलेला. एक कान फाटका, दात पिवळे, आणि सापळ्याच्या तारांना सारखा चावत असलेला. दमयंती पेटीशी वाकली होती. अजगराचे डोळे तिला दिसत होते. त्यांच्यावर निळसर, दुधाळ पडदा आला होता. कात टाकायच्या आधी येतो तो. त्या दिवसांत सापाला धड दिसत नाही, तो चिडतो किंवा गुमसुम पडतो, आणि तोंडासमोर काहीही ठेवलं तरी खात नाही.

‘डोळे बघितलेत का ह्याचे?’ ती म्हणाली.

‘या खोलीत उजेडच कमी आहे. बल्ब बदलून घे.’ सुमंतनं घड्याळ पाहिलं. ‘विसरू नकोस. मोठा उंदीर.’

ती आणखी एक वाक्य बोलू शकली असती. ते वाक्य तिच्या जिभेवर होतं, तयार, पुरं. कात येतेय, खाणार नाही. पण तिनं पाहिलं की तो आधीच पुण्यात पोचला आहे, तिथल्या टेबलांशी, माणसांशी बोलतो आहे. आणि मग तिच्या आत काहीतरी अगदी हलक्या हातानं बंद झालं, कडी न वाजता दार लागावं तसं. ‘बरं,’ ती म्हणाली.

पहिला दिवस तिनं अजगराचं काही केलं नाही. दिवडाला, धामणीला त्यांचं त्यांचं दिलं, मांडुळाची वाळू बदलली. सापळ्यातल्या उंदराला दाणे घातले नाहीत. हे आपण मुद्दाम करत नाही, मिलोच कमी आहे, असं तिनं स्वतःला समजावलं. पण मिलो कमी नव्हती. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणानंतर ती मागच्या खोलीत गेली. अजगर वेटोळं घालून पडला होता, डोळे त्याच दुधात. अंगाचे रंग मळले होते. तिनं सवयीनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. तो गार होता. बल्ब चार दिवसांपूर्वी गेला होता, बदललेला नव्हता. तिचा हात जाणवताच तो थोडासा आक्रसला आणि पुन्हा सैल पडला. तिनं हात काढून घेतला. सापळ्याचं तोंड पेटीच्या फटीला लावलं, पाठीमागून काडीनं टोचलं. उंदीर आत उतरला, कोपऱ्यात गेला, आणि तिथून दोघांकडेही बघू लागला, अजगराकडेही आणि तिच्याकडेही. ती दाणे आणायला उठू शकत होती. स्वयंपाकघर सात पावलांवर होतं. तिनं जाळी सरकवली, वर दगड ठेवला. सांगितलं तसं केलं, ती मनात म्हणाली. सांगितलं होतं अगदी तसंच.

ती स्वयंपाकघरात येऊन मिलो निवडत बसली. खडे एका बाजूला, दाणे एका बाजूला. मागून आवाज येत होता. फार मोठा नव्हता. एखादं लाकूड कुणी नखानं खरवडावं तसा, थांबून थांबून. अजगराचा आवाज येण्याचा प्रश्नच नव्हता. सापाला ओरडता येत नाही. तिला एकदम वाटलं, ओरडता आलं असतं तर मी गेले असते, धावत गेले असते. आणि लगेच तिला हेही कळलं की हे खोटं आहे. आवाज ऐकूनच तर ती बसली होती. रथसप्तमीच्या आधीची हळदीकुंकवं चालू होती. संध्याकाळी शेजारी बोलावणं होतं. तिनं साडी बदलली, वेणी घातली, गेली. बायकांनी सापांची चौकशी केली. एकीनं सांगितलं, तुमच्या ह्यांचं, राशिनकर सरांचं भाषण आमच्या पोरांना फार आवडलं, ते बेडकाचं आणि उंदराचं सारखं सांगतात. दमयंतीनं तिळगूळ तोंडात टाकला. तो दातांखाली कुरकुर वाजला आणि तिला तो गिळवेना. पदरात थुंकून तिनं गाठ मारली. घरी आली तेव्हा दिवे लागले होते. मागच्या खोलीच्या दारावरून ती सरळ पुढं गेली.

सकाळी तिनं दगड काढला. उंदीर अजगराच्या वेटोळ्यात, मधोमध, उबेला बसला होता आणि मिशा साफ करत होता. अजगराच्या पाठीवर, मानेच्या खाली वीतभर, कातडी नव्हती. आत पांढरं दिसत होतं. रक्त फारसं नव्हतं. अजगर जिवंत होता. त्याची जीभ बाहेर आली, हवेत काहीतरी शोधून आत गेली. तिनं नकळत मनगट पुढं केलं, पण त्याची जीभ पुन्हा बाहेर आली नाही. ती तिथं बसून राहिली. उन्हं खिडकीतून आली, पेटीच्या काचेवर चढली, उतरली. केव्हातरी दुपारी तिच्या लक्षात आलं की त्याचं अंग आता नुसतं जड आहे, आत काही हलत नाही. ती रडली नाही. तिला वाटलं होतं, मोकळं वाटेल, किंवा भीती वाटेल, किंवा सूड उगवल्यावर वाटतं म्हणतात तसं काही गोड वाटेल. तोंडात फक्त कडवट चव होती, मिलोची.

सुमंत परत आला तो भरभरून बोलत आला. परिषदेत त्याचं कौतुक झालं होतं. मागच्या खोलीतून त्याची हाक आली नाही, म्हणून ती दारात जाऊन उभी राहिली. तो पेटीपुढे गुडघ्यांवर बसला होता. त्याची मान पाठमोरी फार बारीक दिसत होती, आणि तिला एकदम त्याची दया आली, आणि दया आल्याचा राग आला. आता हा उठेल, ओरडेल, कदाचित हात उगारेल. लग्नानंतर त्यानं कधी आवाजही चढवला नव्हता. आता चढवेल. ती त्याची वाट पाहू लागली, तहानलेल्यासारखी.

तो उठला आणि तिच्या खांद्यावर हात ठेवला. ‘तुझी काही चूक नाही,’ तो म्हणाला. त्याचे डोळे ओले होते. ‘मीच तुझ्यावर टाकून जायला नको होतं. तुला काय कल्पना असणार.’

‘मला माहीत होतं,’ दमयंती म्हणाली.

‘काय?’

‘त्याचे डोळे दुधाळले होते. कात येणार होती. तो खाणार नाही, हे माहीत होतं. उंदीर भुकेला होता. तो काय करेल तेही माहीत होतं. मी दाणे टाकले नाहीत. मी बाहेर बसून ऐकत होते.’

इतकं सलग ती त्याच्याशी कित्येक महिन्यांत बोलली नव्हती. सुमंतनं तिच्याकडे पाहिलं. क्षणभर, एकच क्षण, तिला वाटलं की त्याला ती दिसली. मग त्याचा चेहरा मऊ झाला, आजारी माणसाशी बोलताना होतो तसा.

‘मागाहून सगळ्यांनाच असं वाटतं,’ तो म्हणाला. ‘आपल्याला आधी कळलं होतं, आपण थांबवू शकलो असतो. मनाला लावून घेऊ नकोस. डोळ्यांचं वगैरे तुझ्या लक्षात येणं शक्य नाही, भल्याभल्यांच्या येत नाही.’ त्यानं तिचा खांदा थोपटला. ‘चहा टाक जरा.’

तिनं चहा टाकला. आधण उकळून वर आलं, तिनं भांडं उचललं, पुन्हा ठेवलं. तिला हसू येत होतं. तिनं केलेलं चांगलं तो आपलं म्हणून घेऊन गेला होता. वाईट केलं, एवढं वाईट, की ते तरी कुणी तिच्या नावावर ठेवावं. पण तेही तिला मिळालं नाही. बाहेर सुमंत अजगराला गोणपाटात गुंडाळत होता. हाडांचा सापळा कॉलेजात ठेवायचा, पोरांना उपयोग होईल, असं तो म्हणत होता. जेवताना त्यानं भात दुसऱ्यांदा मागितला. तिनं वाढला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो कॉलेजला गेल्यावर रतनबाई आली. पाटी उतरवून ओसरीच्या पायरीवर टेकली, पदरानं तोंड पुसलं. पाटीतल्या फडक्याखाली चिवचिव चालली होती. म्हणाली, आता दोनच उरली, खुडूक कोंबडी होती तीही आता इकायला काढलीय. कामावर आजही पाण्याचा टँकर आला न्हाई म्हणून आदीच सुट्टी केली. दमयंतीनं तिला पाणी दिलं. पाणी पिऊन रतनबाई सवयीनं मागच्या खोलीत डोकावली आणि रिकामी पेटी बघून वळली.

‘आन् अजगर?’

‘मेला.’

‘कशानं?’

‘मी मारला,’ दमयंती म्हणाली. ती असं म्हणेल हे तिला तोंड उघडेपर्यंत माहीत नव्हतं. ‘आंधळा झाला होता कातीमुळे. त्याच्या पेटीत उपाशी उंदीर सोडला. मुद्दाम.’

रतनबाईनं तिच्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर काही हललं नाही, ना घाबरली, ना समजूत घालायला पुढे आली. ती नुसती बघत राहिली, आणि दमयंतीला स्पष्ट कळलं की या बाईनं आपलं बोलणं शब्दन् शब्द खरं मानलं आहे. इतके दिवस याचीच ती वाट पाहत होती. तिनं चौकटीला धरलं.

‘कशापायी?’ रतनबाईनं विचारलं.

दमयंतीनं सांगायला तोंड उघडलं. दिवड, बेडूक, मांडव, मी एक युक्ती केली. सगळं एकामागून एक उभं राहिलं आणि तोंडाशी येताच मुकं झालं. या बाईपुढे, जिच्या हातांना खडीनं चिरा पडल्या होत्या, ते बोलताच येईना. ‘ह्यांच्यावर राग होता,’ ती शेवटी म्हणाली.

‘मंग त्या जनावरानं काय केलंतं तुमचं?’

तिला ती दुपारची गार पाठ आठवली, मनगट तपासणारी जीभ आठवली. त्यानं काहीच केलं नव्हतं. तळहातावर आपणहून चढणाऱ्या उंदरांसारखा तो होता. हात आत आला तरी हलायचा नाही. चौकटीचं लाकूड तिच्या तळव्याला टोचत होतं आणि ती ते आणखी घट्ट धरत होती.

रतनबाई उठली. पाटीवरचं फडकं तिनं नीट खोचलं, चारी बाजूंनी, आतली चिवचिव बारीक झाली. दमयंती म्हणाली, ‘पिल्लं? धामणीला लागतील.’ आवाज तिचा तिलाच ऐकू आला नाही.

‘आज ऱ्हाऊ द्या,’ रतनबाई म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. डोक्यावर चुंबळ ठेवून तिनं पाटी चढवली, एका हातानं सावरली आणि पायऱ्या उतरली. गल्लीत ऊन पडलं होतं. दुष्काळानं पिवळी पडलेली ती बाई दोन पिल्लं न विकताच परत केडगावच्या वाटेला लागली, आणि दमयंती ओसरीवर उभी राहून ती दिसेनाशी होईपर्यंत तिच्याकडे बघत राहिली. मग पायरीवर, रतनबाई बसली होती तिथंच, ती बसली, आणि तिला रडू फुटलं.